वेणीच्या टोकाची गाठ

अण्णा, तुमच्याशी एकदा नीट भांडायचं होतं, ते तुम्ही होतात तोवर जमलं नाही. फोनवर तुम्ही "तिकडे थंडी किती आहे" विचारायचात, मी "आहे" म्हणायचे, की संपला विषय. आता तुम्ही जाऊनही बरीच वर्षं झाली. मी लीड्समधल्या माझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसले आहे, चहा कधीच गार झालाय, आणि कागद पुढ्यात ओढलाय. भांडणाचं कारण जुनं आहे. ते उकरून काढायला लावणारी गोष्ट मात्र या महिन्यातली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला भांडताही येणार नाही.

आधी मी काय करते ते सांगते, कारण ते तुम्हाला कधी धड कळलं नाही. मिरजेत तुम्ही येईल त्याला "पोरगी लंडनला डॉक्टर आहे" म्हणून सांगत सुटायचात. मी लंडनलाही नाही आणि पेशंट बघणारी डॉक्टरही नाही. पाण्यात, मातीत, माशात जे विष उतरतं ते माणसाच्या अंगात किती गेलं, हे मी मोजते. गेली काही वर्षं माझं बरंचसं काम कॅनडात उत्तरेकडे, एका तळ्याकाठच्या वस्तीसाठी चालतं. ओजिब्वे लोकांची वस्ती. त्या मुलखातले मूळचे लोक. तळ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी एक कारखाना होता. तो बंद पडून जमाना झाला, पण त्यानं सोडलेला पारा तळाच्या गाळात तसाच बसून आहे. गाळातून तो किड्यांत जातो, किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत, आणि मोठा मासा कोण खातं हे तुम्हाला सांगायला नको. तिथल्या सरकारी लॅबवर त्या लोकांचा काडीचा विश्वास नाही, आणि त्यांनी तो का ठेवावा असं मलाही वाटत नाही. म्हणून त्यांचे नमुने समुद्र ओलांडून आमच्या लॅबमध्ये येतात, आणि वर्षातून एकदा मी त्यांच्याकडे जाते.

नमुने म्हणजे केस. तुम्ही मिरजेतल्या आपल्या लॅबमध्ये जन्मभर रक्त तपासलंत. रक्तात आजचं कळतं, फार तर गेल्या महिन्याचं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, आणि त्या महिन्यात रक्तात जेवढा पारा असेल त्या मानानं तो केसात कायमचा अडकतो. मानेजवळ अगदी मुळाशी बट कापायची आणि मुळापासून सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे करत जायचं. प्रत्येक तुकडा म्हणजे एक महिना मागे. बाईनं गरोदरपणात काय खाल्लं ते ती विसरते, तिचे केस विसरत नाहीत. फक्त मूळ कुठलं आणि टोक कुठलं याची खूण हवी. ती नसेल तर सगळंच मुसळ केरात. आमचा नियम असा की बट कापायच्या आधी मुळाच्या बाजूला दोरा बांधायचा. नियम तोंडी सगळ्यांना माहीत, कागदावरही आहे. तुमच्या हाताखाली शिकलेली मी, खुणेच्या बाबतीत ढिलाई करणारी नव्हे. अकरावीत असताना एका बाटलीवर नाव टाकायचं विसरले होते, तेव्हा तुम्ही चार पेशंटांसमोर मला झापलं होतंत. "बिननावाचं रक्त कुणाचंच नसतं. ओत ते मोरीत, आणि जा, माफी मागून दुसरं घेऊन ये." ज्यांचं ते रक्त होतं त्या म्हाताऱ्यांच्या घरी मी रडत रडत गेले होते. तेव्हा मला वाटायचं, खरं म्हणजे काय हे सगळ्या मिरजेत फक्त माझ्या बापाला कळतं.

वस्तीत एक म्हातारी आहे. सगळे तिला कोकम म्हणतात. त्यांच्यात कोकम म्हणजे आजी. तुम्ही हसला असतात. पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "म्हणजे तू खरी इंडियन. तो गोरा निघाला होता तुझ्याकडे आणि उतरला आमच्याकडे. तुमचं टळलं." मी म्हटलं, "आमचंही काही टळलं नाही. दुसरे आले." यावर ती खूप वेळ खुसुखुसु हसत राहिली, आणि तेव्हापासून तिच्या घरी माझं पान मांडलेलं असतं. ती जाळी टाकते, मासे साफ करते, धुरावर वाळवते. मी तिला दर वर्षी सांगते, कोकम, तो मोठा दातांचा मासा नको, लहान खा. ती म्हणते, "लहान खाऊन संपवले तर मोठे कुठून होतील?" तिच्या नवऱ्याचे हात शेवटी शेवटी इतके थरथरायचे की चमचा तोंडाशी जायचा नाही. ते कशानं, हे तिला ठाऊक आहे. तरी वयस्कर माणसानं काय खायचं ते खाऊन घ्यावं, असं तिचं म्हणणं. आमच्या सूचनाही तसंच म्हणतात: जपायचं ते पोटुशा बायकांना आणि पोरांना.

आणि तिची नात पोटुशी राहिली. ही मुलगी आधी तीन-चार वर्षं शहरात होती, कॉलेजात आणि मग कुठल्याशा दुकानात. दिवस गेल्याचं कळलं तशी आजीकडे आली. आपल्याकडे पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, तसंच. माहेरी आलेल्या पोरीला काय करतात? खाऊ घालतात. कोकमनं तिला मासे घातले. अण्णा, ती काही अडाणी बाई नाही. आमच्या सूचना तिच्या भिंतीवर चिकटवलेल्या आहेत, त्यातला तो मोठा मासा तिनं कटाक्षानं टाळला. पण त्या वर्षी लहान माशांतही पारा चढलेला होता, हे आम्हालाच फार उशिरा कळलं. वस्तीतलं दुकान म्हणजे चिप्स, डबे आणि बाटलीतली गोड पेयं. पोटुशी नात, तिला डबे घालायचे?

बाळ झालं, मुलगी, गुटगुटीत. महिन्याभरानं नातीनंच माझ्यासाठी निरोप धाडला की माझे केस तपासा, आणि एकच सांगा: माझ्या बाळापर्यंत काही पोचलं का. वस्तीतली नर्स नेमकी रजेवर होती. शिवाय त्यांच्या घरात केसांना परक्याचा हात लागलेला चालत नाही, म्हणून बट कोकमनंच कापली. आधी तिची बारीक वेणी घातली, दोऱ्यानं गाठ मारली, मग कात्री चालवली आणि त्यांच्यात पवित्र मानतात त्या तंबाखूची चिमूट घालून पाकिटात ठेवली. उरलेले केस आम्ही जाळायचे नाहीत, परत पाठवायचे, ही त्या वस्तीची पहिल्यापासूनची अट. आमच्याकडे बटा कापायचं काम ज्याच्याकडे आहे तो यॉर्कशरचा एक सज्जन गृहस्थ आहे, डोक्यावर औषधालाही केस नाही. त्यानं दोरा बघितला, दोऱ्याच्या बाजूनं बारा तुकडे केले, यंत्रात घातले. सगळे स्वच्छ. मी व्हिडिओवर नातीला सांगितलं, काळजी करू नकोस, काही पोचलेलं नाही. ती ओठ दाबून रडली. मागे कोकम उभी होती, ती कुणाला तरी हाक मारत बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी तिनं निम्म्या वस्तीला जेवायला घातलं, असं नर्सकडून कळलं.

मग उरलेली बट परत पाठवायला मी पाकिटात भरत होते. सहज, काही मनात नसताना, चिमटीत धरून बोटं दोऱ्याच्या बाजूकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवली. आई माझे केस विंचरायची तेव्हा मी हेच करायचे, तिच्या खांद्यावरून लोंबणाऱ्या तिच्याच शेपट्याशी. मुळाकडून टोकाकडे बोट गुळगुळीत सरकतं, उलटं फिरवलं की खरखरतं. ही बट दोऱ्याकडूनच खरखरत होती.  दोरा टोकाला होता. अण्णा, जगातली कुठलीही बाई वेणी घालून गाठ कुठे मारते? खाली, टोकाला. रिबीन खाली, गोंडा खाली, रबर खाली. कोकमनं आयुष्यभर लेकी-नातींना जशी घातली तशीच वेणी घातली आणि तशीच गाठ मारली. मुळाशी दोरा बांधा असा नियम ज्यांनी केला त्यांनी जन्मात कुणाची वेणी घातली नसणार. आणि तो वाचून मान डोलावणाऱ्यांत मीही होते, दोन वेण्या घालून शाळेत गेलेली. आम्ही मोजले ते बारा महिने शहरातले होते. ती कॉलेजात होती, ब्रेड खात होती, तेव्हाचे.

दुसऱ्या टोकाचे तुकडे मी स्वतः कापले, त्या गृहस्थाला घरी पाठवून. मुळाजवळचे आकडे बघायला मला यंत्राची गरज नव्हती, खरं तर, पण बघितले. ती आजीच्या दारात आली त्या महिन्यापासून चढत गेलेत. पोट वाढतंय, आकडे वाढताहेत. शेवटच्या तीन महिन्यांचे मी दोनदा घातले, आणि दोन्ही वेळा तेच आले. नातीला यातून काही होणार नाही. बाळाचं सांगता येत नाही. उशिरा चालेल, कदाचित कमी ऐकेल, कदाचित शाळेत मागे पडेल, कदाचित काहीच नाही. पोटात असताना गेलेला पारा बाळाच्या मेंदूतून काढता येत नाही. एवढंच करता येतं की आत्तापासून तिच्याकडे लक्ष ठेवायचं, कान तपासायचे, हातपाय तपासायचे, म्हणजे काही कमी असेल तर मदत लवकर सुरू होते. आणि त्यासाठी आईला खरं सांगावं लागतं.

माझी मुलगी मँचेस्टरला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, ती वीकेंडला आली होती. तिला मी सगळं सांगितलं आणि मग जरा चाचपून बघितलं. म्हटलं, नुसतं 'खबरदारी म्हणून तळ्यातले मासे बंद कर, आणि बाळाच्या तपासण्या करून घेऊ, सगळ्यांच्याच करतोय' असं सांगितलं तर? काम तर होईल. आजीच्या जिवाला घोर नाही. मुलीनं मला तिथेच तोडलं. "आई, यू कान्ट बी सिरियस. तिचा बाळ आहे. तिला माहीत पाहिजे. इथे असं केलं ना, तर माझा रजिस्ट्रेशन जाईल." मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी केलं होतं. "कोणाला?" तुझ्या आजीला. तिला हे कधी सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, "अँड नोबडी स्टॉप्ड हिम?"

तर इथे आलं भांडण. आईचा रिपोर्ट तुम्ही स्वतः बघितलात, काच स्वतः भिंगाखाली धरलीत. तीन दिवस कुणाशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात, "अल्सर आहे. पथ्य पाळलं की सुटेल." मी तुमच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं, कॅन्सर. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, लॅबमध्ये तुमच्या शेजारी बसायचे, मला कसं नाही कळणार? स्वयंपाकघरात तुम्ही मला गाठलंत आणि एवढंच म्हणालात, "तुझ्या तोंडून जायला नको." मामा, काका, डॉक्टर, सगळे तुमच्या बाजूनं. तेव्हा सगळीकडे असंच करायचे, हे मला मान्य आहे. पण अल्सर म्हटलं की तिखट बंद. खोटं बोललात तर त्याचं पथ्यही पाळावं लागतं. माझी आई, जिला ठेच्याशिवाय भाकरी गिळायची नाही, जी आमरसाबरोबरही हिरवी मिरची चावायची, तिनं शेवटचे महिने मुगाची फिकी खिचडी खाऊन काढले. ताट मी न्यायचे. एकदा ती म्हणाली, "एवढीशी मिरची दे गं, जिभेला चव नाही. अण्णांना सांगू नकोस." मी तुम्हाला विचारायला आले, आणि तुम्ही नाही म्हणालात. का, तर तिला संशय येईल. मी परत गेले आणि म्हटलं, आई, अल्सर वाढेल. मग तिनं मुकाट्यानं खिचडी खाल्ली. तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की एक बाई नसलेल्या रोगाचं पथ्य पाळत मेली, आणि असलेल्या रोगात तिला हवं ते खाता आलं असतं. तुम्ही तिला वाचवलं नाहीत, तुम्ही स्वतःला वाचवलंत. तिनं "मी मरणार का हो" असं विचारलं असतं, तर ते ऐकायची तुमची तयारी नव्हती. हे मला तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. राग अजून आहे, अण्णा. वयानं कमी होतो म्हणतात, माझा नाही झाला.

मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं नाही, पण मंगळवारी कॉल लावला. नातीला म्हटलं, बाळाला कुणाकडे तरी दे आणि एकटी बस. मग सांगितलं. गाठीचं सांगितलं, आमची चूक सांगितली, माफी मागितली. आकडे वाचून दाखवले, महिन्या-महिन्यानं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "शहरातले महिने स्वच्छ होते म्हणजे?" मी हो म्हटलं. "आणि इथे आल्यापासून?" मी हो म्हटलं. बाळाचं जे माहीत आहे ते सांगितलं, जे माहीत नाही तेही सांगितलं. अंगावरचं दूध बंद करू नकोस, मासे बंद कर, तपासणी कधी, कुठे, सगळं. ती सगळं लिहून घेत होती. मला स्वतःचा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, बघा अण्णा, असं असतं, सांगता येतं, कुणी मरत नाही.

तेवढ्यात दार वाजलं आणि कोकम आत आली, बाळ कडेवर. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण नातीचा चेहरा बघून तिला कळलं. बाळाला तसंच धरून ती स्क्रीनसमोर बसली.  मग म्हणाली, "केसांत आहे ना?" मी म्हटलं, "आहे." तिनं बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे हात मी इतके वेळा बघितलेत, मासा सोलताना, चहा ओतताना. आता ते बाळाची टाळू चाचपत होते. "मी घातलेल्या माशांनी?"

आकडे माझ्यासमोर होते. मी ते नुकतेच मोठ्यानं वाचले होते. मी म्हटलं, "तसं ठामपणे नाही सांगता येणार, कोकम. शहरात ती डब्यातले मासे खायची, त्यातही असतो पारा. त्यानंही असेल."

तिनं श्वास सोडला, मला इथे लीड्समध्ये ऐकू आला. मग ती नातीकडे वळली, आणि बाई आहे ती, दुखावलेली, तिनं रागावूनच म्हटलं, "मी तुला सांगत होते, तिकडे जाऊ नकोस. काय काय खाल्लंस तिकडे पोरी, देव जाणे." नात माझ्याकडे बघत होती. तिच्या मांडीवर कागद होता, त्यावर तिच्याच हातानं लिहिलेले महिने होते. मला वाटलं, ती आता बोलेल. बोलायला हवं होतं तिनं. ती आजीकडे वळली आणि म्हणाली, "हो, कोकम. खायचे मी. डब्यातलेच खायचे." आणि मान खाली घातली, आजीचं पुढचं बोलणं ऐकून घ्यायला.

अण्णा, मी तिला कुठे उभं केलं ते तुम्हाला कळेल, दुसऱ्या कुणाला नाही. ती आता रोज त्या घरात राहील, आजी वाढेल ते नाकारील, कारण सांगणार नाही, आणि बाळ उशिरा चाललं तर दोष स्वतःवर घेईल. हे कधी संपणार, तर कोकम गेल्यावर. मग तीही कुणावर तरी रागावेल. बहुतेक माझ्यावरच. रागवावं तिनं.

पुन्हा फोन करून कोकमला खरं सांगता येईल. नर्सचा नंबर आहे, वेळही आहे. आज शुक्रवार, मी अजून केलेला नाही, आणि करणार आहे असं लिहिलं तर तेही खोटंच ठरेल. हा कागद मी घडी करून कुठेतरी सारून देईन. तुम्ही असतात तरी पोस्टात टाकला नसता. माझ्या मुलीलाही सांगितलेलं नाही, तिला वाटतंय आईनं सगळं नीट केलं. फक्त तुम्हाला सांगते. मंगळवारी कॉल संपल्यावर मी घरी आले, जेवले, आणि त्या रात्री मला फार गाढ झोप लागली.